पाणी सुरक्षित आहे

३ ऑगस्ट

सोमपाल म्हणतो, तलावात मगर आहे.

सकाळी आम्ही पोहण्याच्या मार्गावर तरंगत्या खुणा बांधायला गेलो होतो. सोमपाल इथला म्हातारा कोळी. होडी काठाला लावून थेट माझ्यापाशी आला आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "बाई, तुमची पोरं इथं उतरवू नका. मोठी आहे."

मी म्हटलं, नेलुम तलावात मगर कुठली? पंधरा वर्षांची असताना मी इथंच शिबिराला पोहलेय.

"तेव्हा नव्हती. यंदा आजूबाजूचे छोटे तलाव आटले. चालत आली."

चालत आली. दिवसभर हे दोनच शब्द डोक्यात.

शर्यत १९ ला. आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं. बासष्ट खेळाडू, साडेसातशे मीटर पाण्यात. आणि ‘पाणी सुरक्षित आहे’ या दाखल्यावर सही माझी. एकटीची.

४ ऑगस्ट

बैठकीत सांगितलं. सांगायच्या आधी दोनदा पाणी प्यायले.

संयोजन समितीचे आम्ही पाच जण. त्यात बोलणारे दोघंच — अध्यक्ष विजेसुंदर सर आणि व्यवस्था बघणारे निवृत्त ब्रिगेडियर हलंगोडा. ब्रिगेडियर हसले. "कोळ्यांना महिनाभर जाळी टाकायची बंदी केलीय आपण. मगर निघणारच. उद्या बिबट्याही निघेल." सगळे हसले. मीही हसले. का हसले?

अध्यक्ष हसले नाहीत. ते कधी आवाज चढवत नाहीत, खाली आणतात. तो खाली आला की समजायचं, आता हुकूम. "निल्मिनी, हा शब्द या खोलीबाहेर जायचा नाही. अठरा देश आलेत. पिंजरे लावू, गुपचूप. विचारलं कुणी, तर मासे मोजायला लावलेत म्हणायचं."

बाहेर पडताना म्हणाले, "क्रीडा महासंघाच्या समितीसाठी तुझं नाव दिलंय मी. लक्षात आहे ना?"

लक्षात आहे.

७ ऑगस्ट

वन्यजीव खात्याची माणसं तीन पिंजरे लावून गेली. आत कोंबड्या. खेळाडूंच्या सरावासाठी दोन पहारेकरी नावा.

सरावाच्या वेळी मी बांधावर उभी असते. पाण्यात जुनी बुडालेली झाडं आहेत, त्यांचे बुंधे वर आलेत. सगळे मोजून ठेवलेत — अकरा. आज मोजले तर बारा. परत मोजले. अकरा. हात ओढणीत गुंडाळले.

सेशेल्सची एक मुलगी आहे, मारिएल. पाण्यातून बाहेर येते आणि मला विचारते, "मावशी, मी बरोबर सरळ गेले ना?" तिला कुणीतरी सांगितलंय की मी एकेकाळी देशासाठी पोहायचे. मी म्हणते, अगदी सरळ. मी तिच्याकडे बघतच नव्हते, तिच्या मागच्या पाण्याकडे बघत होते.

८ ऑगस्ट

काही नाही. अकरा.

११ ऑगस्ट

सापडली!

पिंजऱ्यात मगर. सात फूट. सकाळी सहालाच ब्रिगेडियरांचा फोन, "या, तुमची पाहुणी बघायला या." मला रडूच आलं. अध्यक्षांनी समितीतल्या सगळ्यांसाठी शुभप्रसंगीचा दूधभात मागवला, वर कांद्याचा ठेचा. मी दोनदा घेतला. आठवड्यात पहिल्यांदा चव लागली.

संध्याकाळी ट्रकमध्ये चढवत होते तेव्हा सोमपाल खात्याच्या माणसांच्या मागे उभा होता. मी आनंदानं जवळ गेले. त्यानं मान हलवली. "हे पिल्लू आहे, बाई. ती नव्हे."

रात्री जेवायला गेले नाही.

१३ ऑगस्ट

दाखला टेबलावर आला. टंकलेला, शिक्का मारलेला. सहीची जागा रिकामी.

ब्रिगेडियर म्हणाले, "एक मगर धरली. आता काय तलावातला प्रत्येक मासा हजर करू?" मी म्हटलं, दोन दिवस द्या. "तुम्ही पोहणाऱ्या बाई ना? मग पाण्याला काय भिता?"

त्यांना काय सांगू. पोहणाऱ्यालाच तर माहीत असतं, डोकं पाण्यात घातलं की खालचं काही दिसत नाही. आपले पाय कुठवर आहेत तेही नाही.

१४ ऑगस्ट

आज एकटीच गेले. चपला काढल्या, घोट्याइतक्या पाण्यात उभी राहिले. ठरवलं होतं शंभर आकडे मोजायचे. एकतीसला बाहेर पळाले. कमळाचा देठ लागला होता पायाला.

बावन्न वर्षांची बाई मी. कुणी बघितलं नाही ना म्हणून आधी इकडेतिकडे बघितलं.

१५ ऑगस्ट

लायनलला फोनवर सगळं सांगितलं. खोलीबाहेर शब्द गेला. नवऱ्यालाच सांगितला, तरी अपराधी वाटतंय. तो म्हणाला, "सही केलीस आणि काही झालं नाही, तर तुला बढती. सही केलीस आणि झालं, तर तू झोपशील का कधी?" मी म्हटलं, नाही केली आणि काहीच नसलं तर? "तर लोक हसतील. हसू दे."

त्याला सोपं आहे. तो कँडीत बसून बोलतोय.

१६ ऑगस्ट

सही केली नाही.

अध्यक्षांच्या खोलीत उभ्या उभ्या सांगितलं. बस म्हणाले नाहीत. "कशाच्या जोरावर नाही म्हणतेयस? एका कोळ्याच्या?" मी म्हटलं, हो सर. "त्यानं तरी पाहिलीय का डोळ्यांनी?" मी म्हटलं, हो. विचारलं नव्हतं मी त्याला. तरी हो म्हटलं.

ते खिडकीकडे वळले. मग आवाज खाली. "ठीक. पोहणं रद्द. नुसतं धावणं आणि सायकल. कारण — पाणी कमी झालंय, शेवाळ वाढलंय. मगर हा शब्द कुठंही नाही. हे तरी मान्य?"

मान्य म्हटलं. इतकी सुटल्यासारखी झाले होते की काहीही मान्य केलं असतं.

१७ ऑगस्ट

मारिएलनं मला ओलांडून जाताना बघितलंही नाही. तिच्या प्रशिक्षकांनी सांगितलं, पोहण्यात ती पहिली असते, धावण्यात पंधरावी. चार वर्षं याच दिवसासाठी तयारी करत होती.

१९ ऑगस्ट

शर्यत झाली. मारिएल सतरावी.

तलाव दिवसभर आरशासारखा. बगळे निवांत. बक्षीस समारंभाला अध्यक्ष माझ्या शेजारी बसले होते. पाण्याकडे बघत म्हणाले, "किती शांत आहे नाही?" बस, एवढंच.

२० ऑगस्ट

पेपरात आलं — शेवाळ कुठंय? तलावाचा स्वच्छ निळा फोटो, खाली माझं नाव. अध्यक्षांचं नाही, ब्रिगेडियरांचं नाही. घाबरट अधिकारी बाईमुळे देशाची अब्रू गेली म्हणे. कार्यालयात गेले तर कुजबुज थांबली. ब्रिगेडियर सगळ्यांसमोर, "या, मगरबाई." म्हणजे शब्द खोलीबाहेर गेलाच, फक्त माझ्यावर हसण्यापुरता.

महासंघाच्या समितीवर दुसऱ्याचं नाव गेलं. मला शिपायाकडून कळलं.

आता वेगळीच भीती. ती मोठी नसेलच तर? मुळात नसेलच, तर मी काय करून बसले?

२२ ऑगस्ट

सोमपालच्या घरी गेले. तो अंगणात जाळं विणत होता. मला बघून उठला, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी बसलेच नाही.

"खरं सांगा. तुम्ही ती मोठी मगर पाहिली होती का?"

तो गोंधळला. "बाई, चिखलात पट्टा होता. पोट घासत गेल्याचा. दीड हात रुंद."

"पाहिली होती का?"

"... नाही. पट्टा पाहिला."

मग मी काय बोलले ते लिहायची लाज वाटते. म्हटलं, म्हैस लोळली असेल तिथं. म्हटलं, तुमच्या एका पट्ट्यापायी माझी तीस वर्षांची नोकरी मातीत गेली, त्या पोरीची चार वर्षं गेली. बंदी उठावी म्हणून तर नाही ना उठवलं हे सगळं? तो मान खाली घालून ऐकत होता. सून दारात चहाचे पेले घेऊन तशीच उभी.

शेवटी म्हणाला, "चुकलं असेल माझं. डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत आता. बाई, मनावर घेऊ नका." आणि मलाच पाणी दिलं.

येताना गाडीत रडले. रागानं की कशानं, कळत नाही.

२३ ऑगस्ट

खेळ संपले, तलाव गावाला परत द्यायचा. पिंजरे उचलायचे, पहारेकरी नावा परत, मासेमारीची बंदी उठवायची. त्यासाठी पुन्हा तोच दाखला. ब्रिगेडियरांनी तो माझ्यापुढे सरकवला, तोंडातल्या तोंडात हसत. "आता तरी हात चालेल ना?"

‘पाणी सुरक्षित आहे.’ सही केली. खाली तारीख. दहा सेकंद लागले असतील.

अध्यक्ष म्हणाले, "हे आधीच केलं असतंस तर." पण आवाज खाली नव्हता, नेहमीचा होता. किती बरं वाटलं त्याचं.

२४ ऑगस्ट

तीन आठवड्यांनी शांत झोप. कँडीला जायची बॅग भरायला घेतली.

२७ ऑगस्ट

सोमपाल सकाळी कमरेइतक्या पाण्यात उतरला होता, अडकलेलं जाळं सोडवायला. परत वर आला नाही. सुनेनं काठावरून पाहिलं. मोठी होती म्हणाली. खूप मोठी. ती त्याला ‘उतरू नका’ म्हणत होती, तर हसला म्हणे — "बाईंनी लिहून दिलंय."

दुपारी अध्यक्षांचा फोन. आवाज अगदी खाली. "त्या दाखल्यावर सही एकट्या तुझीच आहे ना?"

मी हो म्हटलं.