पेटीच्या पोटातला डॅम्पर

प्रिय फूटपट्टी,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. एका टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो तेव्हा तुला उत्तर द्यायला मला बारा सेकंदही लागत नसत. "बाई गं, जरा श्वास तरी घे," असं तूच म्हणायचीस. या खेपेला चार कागद फाडले. हा पाचवा फाडायचा नाही असं ठरवून बसले आहे.

आधी इकडची खबरबात. आपल्या खिडकीपाशी आता एक भलामोठा प्रिंटर ठेवलाय आणि तो दिवसभर कण्हत असतो. शिपाईकाका अजून विचारतात, "त्या उंच बाई कशा आहेत?" माझा डावा गुडघा प्रिंटरसारखाच वागतो. येत्या शुक्रवारी मी निवृत्त होतेय. साहेब भाषण करणार आहेत म्हणे, मी किती अचूक काम केलं याबद्दल. ते भाषण मला ऐकायचं नाही.

ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. ड्रॉइंग बोर्ड, पेन्सिल आणि खोडरबर यांपलीकडे मला काही येत नव्हतं. तू जेवणाची सुट्टी सोडून महिनाभर माझ्या शेजारी बसलीस. "घाबरू नकोस गं खोडरबर, इथे कागद फाटत नाही," म्हणालीस. एका तुकड्यात दुसरा तुकडा कसा बसवायचा हेही तूच शिकवलंस. आतली वस्तू सामानाच्या यादीत वेगळी मोजली जायला हवी असेल, तर ती तयार करतानाच 'शेअर्ड' या चौकोनात खूण करायची, नाहीतर यादीला बाहेरचीच वस्तू दिसते, हेसुद्धा. माझ्या वहीत ते वाक्य आहे, खाली लाल रेघ मारलेलं. माझी वही कशी असते ते तुला माहीत आहे.

मग ते हॉस्पिटलचं काम आलं. भिंतीतून हवेची डक्ट जिथे आरपार जाते तिथे बसवायची पेटी मी कॉम्प्युटरवरच्या इमारतीच्या मॉडेलसाठी तयार केली. डक्टचा तुकडा, तपासणीचं झाकण, आणि पोटात फायर डॅम्पर, आग लागली की आपोआप मिटणारी झडप. एकदा केली आणि बासष्ट ठिकाणी बसवली. तू म्हणालीस, "तू तर शिंपीणच झालीस. एक माप आणि बासष्ट झगे!" मी इतकी फुशारले की आतल्या डॅम्परला ती खूण करायची राहूनच गेली. तू मॉडेलमधून यादी काढलीस. त्यात डॅम्पर आले नऊ, मी सुटे बसवले होते तेवढेच. माझ्यावर विश्वास ठेवून तू सही केलीस आणि तेवढेच मागवले गेले.

छत बंद झाल्यावर अग्निशमनच्या तपासनिसाने पेट्या उघडायला लावल्या. सगळ्या रिकाम्या. ती मीटिंग तू विसरली नसशील. साहेब गरजले, "मॉडेलमध्येच नव्हते का?" मी मॉडेल पडद्यावर फिरवून दाखवलं. प्रत्येक पेटीत झडप स्पष्ट दिसत होती. दाखवायला म्हणून मी एका झडपेवर क्लिक केलं, आणि झडपेऐवजी अख्खी पेटी निळी झाली. काही केल्या झडप वेगळी उचलली जाईना. त्याच क्षणी मला सगळं कळलं. आणि मी म्हणाले, "मॉडेलमध्ये तर सगळे आहेत, साहेब." यात एक शब्दही खोटा नव्हता. शाळेत आमच्या भरतकामाच्या सिस्टर रुमाल हातात घेतला की आधी उलटा करायच्या. त्या दिवशी मी सगळ्यांना सुलट बाजू दाखवली.

तुला ठाऊक नाही ते पुढचं आहे. मीटिंग संपल्यावर सगळे चहाला गेले. मी जागेवर बसून ती खूण केली, डॅम्पर पेटीत आणि पेटी मॉडेलमध्ये पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी तू यादी परत काढलीस आणि एकाहत्तर आले. तू पांढरीफटक पडलीस. "म्हणजे माझंच काहीतरी चुकलं गं," म्हणालीस आणि दुपारी राजीनामा दिलास. जाताना बेसिनपाशी माझा हात धरून सॉरी म्हणालीस, तुझ्यामुळे मला सगळ्यांसमोर मॉडेल उघडावं लागलं म्हणून! मी तुझा हात थोपटला. सात वर्षं झाली. हात धुताना अजून आठवतं.

आता तुझं पत्र. तंत्रनिकेतनात शिकवतेस हे वाचून जीव सुखावला होता. पुढे तू लिहिलंयस की दरवर्षी पहिल्या तासाला तू मुलांना स्वतःची गोष्ट सांगतेस: "मी न मोजता सही केली, तुम्ही करू नका." मुलं हसतात, तूही हसतेस. आणि मी निवृत्त झाले की वर्गात येऊन चांगलं मॉडेल कसं असतं ते सांगावं, असं तुझं आमंत्रण. काल मी साहेबांना सगळं लेखी दिलं. ते म्हणाले, "जाताजाता कशाला जुनी मढी उकरता, बाई?" मी खुर्चीवरून उठलेच नाही. शेवटी कबूल झाले. चूक तुझी नव्हती असं कंपनीचं पत्र या आठवड्यात तुला येईल. तू मला बोलावलंस तर मी येईन. खूण करण्याआधीची ती फाइल मी जपून ठेवली आहे, का ते तेव्हा मलाच कळत नव्हतं. मुलांसमोर ती उघडेन, झडपेवर क्लिक करेन, अख्खी पेटी निळी होऊ देईन आणि हे कोणी केलं ते सांगेन. तू पहिल्या बाकावर बस. माझं तोंड पाहायचं नसेल तर नुसतं 'नको' लिही, मी फाइल पाठवून देईन. पण ती गोष्ट यापुढे स्वतःची म्हणून सांगू नकोस. ती माझी आहे.

तुझीच म्हणवायला आता धीर होत नाही, तरी तुझीच,
खोडरबर