दोरा बांधलेला पेला

बसवनगुडी, मंगळवार, १४ ऑगस्ट १९६२

राग गिळवत नाही, म्हणून लिहिते. तीन महिने मला खोकला आहे. सासूबाईंनी परस्पर क्षय ठरवला आणि माझ्या पेल्याला लाल दोरा बांधला. त्या पेल्याला घरात कुणी शिवत नाही. रक्ताचा रिपोर्ट अजून आला नाही, असं हे रोज सांगत होते. आज मीच दवाखान्यात गेले. डॉक्टर चकित झाले. "यजमानांनी शुक्रवारीच नेला की, अम्मा! क्षय नाही. छातीचा फोटो स्वच्छ आहे. रक्तात इओसिनोफिल वाढलेत."

म्हणजे पांढऱ्या पेशींतली एक जात. शंभरात चार-पाच असाव्यात, माझ्या बावीस निघाल्या. जंतांनी वाढतात, धुळीनं वाढतात, डास चावून रक्तात शिरलेल्या बारीक कृमींनीही वाढतात. तीन आठवडे गोळ्या घ्यायच्या. एवढंच!

शुक्रवारपासून रिपोर्ट खिशात, आणि हा माणूस माझ्यासमोर बसून जेवत होता? संध्याकाळी विचारलं. म्हणाले, "जंत म्हटलं की आई भडकेल. तिच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकात जंत कसे? जरा वेळ बघून सांगणार होतो."

म्हणजे आईंचं सोवळं टिकावं म्हणून माझा क्षय टिकवला!

मी उठून स्वयंपाकघरात गेले. कॉफी केली, दोऱ्याच्या पेल्यात ओतली आणि यांच्यापुढे ठेवली.

रिपोर्ट यांनी वाचलाय. क्षय नाही, हे यांना ठाऊक आहे. कॉफीवर साय धरली, तरी यांनी पेल्याला बोट लावलं नाही.