बांधणीला गेलेली पाटी

चाचा, गेल्या आठवड्यात एका कॉलेजच्या छतावर सोलर बसवायच्या कामावर होतो. दुपारी डबा खायला वाचनालयाच्या व्हरांड्यात बसलो, तिथं गार होतं म्हणून. आत दोन मॅडमची तणातणी चालली होती. ई-रीडर पोरांना घरी न्यायला द्यायचे की नाही, यावरून. एक म्हणे, फोडतील नाहीतर विकतील. दुसरी म्हणे, मग घेतले कायले, पूजेले? मी घास हातात धरून ऐकत राहिलो. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली आणि भांडण अजून तिथंच आहे.

आपल्या बाभुळगावच्या कॉलेजात असे सहा ई-रीडर आले होते. कागदावर तुम्ही ग्रंथालयाचे शिपाई, पण घराणं बाइंडरचं, म्हणून फाटकं पुस्तक तुमच्याकडे यायचं आणि फाटका पोरगाही. ई-रीडरला तुम्ही पाटी म्हणायचे. पहिल्या दिवशीचे तुम्ही मला अजून दिसता. चश्मा कपाळावर, हातात शिक्का, समोर पाटी. प्रत्येक पुस्तकाच्या सतराव्या पानावर तुम्ही एक लपवलेला शिक्का मारायचे, चोरीला गेलं तर ओळखू यावं म्हणून. पाटीवर तुम्ही सतरावं पान शोधलं. मी गंमत म्हणून अक्षरं मोठी केली, तर सतराव्या पानावरचा मजकूर सरकून पार पुढं गेला.

"अबे, पान कुठं गेलं?"

"चाचा, यात पान पक्कं नसते."

"मंग मी शिक्का कुठं मारू, तुह्या कपाळावर?"

शेवटी तुम्ही तिला मांजरपाटाचं कव्हर शिवलं, आत जाड पुठ्ठा घातला, आतल्या बाजूला तारखेची चिठ्ठी चिकटवली. मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, किडा लागू नये म्हणून. पाटीला कोणता किडा लागणार होता, देव जाणे. तो वास मला अजून कुठंही ओळखू येतो, एकदा नांदेडला एका दुकानासमोरून जाताना आला तर मी उगाच आत शिरलो, ते निघालं पतंगवाल्याचं. असो, मी भलतीकडेच चाललो. कव्हर इतकं घट्ट झालं की चार्जिंगचं भोक आतच राहिलं. तिसऱ्या दिवशी पाटी बंद पडली तेव्हा तुम्ही म्हणाले, "कंपनीचा माल कच्चा हाय." मग मीच ब्लेडनं भोक पाडलं.

ग्रंथालय समितीचं म्हणणं होतं, पाट्या वाचनकक्षातच वापराव्या. वाचनकक्ष अकरा ते पाच. ती वर्षं तुम्हाला आठवत असतील, यवतमाळ जिल्ह्याचं नाव पेपरात एकाच कारणानं यायचं, शेतकऱ्यांच्या आत्महत्या. कापसाची वेचणी सुरू झाली की अर्धा वर्ग शेतात, कारण मजूर लावणं कोणालाच परवडत नव्हतं. तुम्ही प्राचार्यांसमोर उभे राहिले. मी दारात होतो.

"सर, अकरा वाजता पोरगी कापसात हाय. पाच वाजता तिची गाडी निघून जाते. मंग ह्या पाट्या काय मी वाचू?"

"फुटली तर?"

"पुस्तकं फाटत नाहीत का? तीस वर्षांपासून तेच शिवून राह्यलो मी."

ठरलं असं की एकच पाटी पंधरा दिवस बाहेर द्यायची. वेळेवर धड परत आली, तर सगळ्यांना घरी मिळेल. पहिला माणूस निवडायचं तुमच्यावर सोडलं, आणि तुम्ही मला निवडलं. मला, ज्याची हजेरी मास्तर पेन्सिलीनं मांडायचे. "हा फिरते लय," तुम्ही म्हणाले, "फिरत्या पोराच्या हातून परत आली, तर कोणाच्याबी हातून येईन."

मी आणली ती एकोणीस दिवस उशिरा. मधे समितीची बैठक होऊन गेली होती. पाटी कुठं आहे विचारल्यावर तुम्ही सांगितलं, बांधणीला गेली. फाटक्या पुस्तकांसाठी ते उत्तर नेहमी चालायचं. कोणीतरी विचारलं, मशीनची कायची बांधणी? सगळे हसले, आणि हसता हसताच ठरून गेलं की पाट्या कपाटात राहतील.

पाटी धड होती. तुम्ही कव्हर उघडून पाहिलं, चिठ्ठीवर तारीख टाकली. रागावले नाही. मी सांगितलं, माय बिमार होती.

"आता बरी हाय?"

"हो."

"तुह्या उशिराचं काही नाही, बेटा. पण बांधणीच्या नावानं मी कधी खोटं बोललो नव्हतो."

आणि तुम्ही सुई ओवायला घेतली. नंतर दोन वर्षं होतो मी तिथं, तुम्ही पुस्तकं देतच राहिले, पुन्हा तो विषय काढला नाही. कुलूप लावलेल्या कपाटासमोरून जाताना मीच दुसरीकडे पाहायचो. वेचणीला गेलेल्या पोरी आल्या की विचारायच्या, पाट्या कधी मिळणार? तुम्ही म्हणायचे, पाहू.

त्या दोघी मॅडमना हे सांगावं म्हणून मी उठलोही होतो. पण सोलरवाल्याला कोण विचारते, आणि सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तुम्हालाच सांगतो, हा कागद कुठं पाठवायचा नाही म्हणून.

माय बिमार नव्हती, चाचा. परत द्यायच्या दिवशी मी सकाळीच यवतमाळच्या स्टँडवर होतो, पाटी पिशवीत. बाभुळगावची गाडी लागलेली होती, पण तिच्यात उभं राहायला लागलं असतं. शेजारी पांढरकवड्याची उभी होती. तिच्यात खिडकीची जागा रिकामी दिसली, म्हणून तिच्यात बसलो.