टेपवरचा आवाज

बाबा, तुमच्या नातीने व्हिएतनाम युद्धाला तेव्हा झालेल्या विरोधावर एक डॉक्युमेंटरी केली आहे. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, पोटापाण्याचं काय. मीही तेच विचारलं. ती हसली आणि इथे अमेरिकेत, श्रूजबरीच्या माझ्या किचनमध्ये, भाजी चिरायच्या ओट्यावरच लॅपटॉप उघडून बसली.

कुठल्याशा जुन्या युद्धविरोधी सभेची टेप तिला मिळाली होती. त्यात एक भारतीय डॉक्टर नाव न सांगता इंग्रजीत बोलतो. सक्तीने फौजेत बोलावलेल्या मुलांना तो तपासायचा. छाती ठीक, पाय ठीक, म्हणून सही केली, म्हणतो. पुढे त्यातल्या काहींची नावं पेपरात, मेलेल्यांच्या यादीत वाचली, आता सही करायला हात धजत नाही. तुम्हीही त्या वर्षांत हेच काम करत होतात.

"आई, हे आजोबाच आहेत ना? तू शुअर असशील तरच नाव टाकते. नाहीतर सीन कट."

मी भाजी परतत राहिले. रडू आलं नाही, बरंही वाटलं नाही. इंग्रजी भाषा चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायची, हा तुमचा दंडक. मी सात-आठ वर्षांची. जेवताना 'पास द सॉल्ट' म्हणते, आणि तुम्ही शांतपणे जेवत राहता. मीठ तुमच्या हाताशीच. "मीठ द्या म्हण, मग मिळेल." मी हट्टाने अळणी आमटी संपवते. त्या टेबलावर तुम्ही शेजाऱ्यांच्या कुत्र्यापासून नागपूरच्या संत्र्यांपर्यंत सगळं बोललात, त्या मुलांविषयी अवाक्षर नाही. तुमचं इंग्रजी मी ऐकलं ते दुकानातल्या 'थँक यू'पुरतं.

तिने टेप पुन्हा लावली. तो माणूस मध्येच थांबून घसा खाकरतो. घसा काय, सगळेच खाकरतात.

"हो," मी म्हटलं, "तेच आहेत."

तिने मला घट्ट मिठी मारली. परवा लायब्ररीत फिल्म दाखवली. पडद्यावर तुमचं नाव आलं, बाजूच्या काकू डोळे पुसत होत्या. मी हात मांडीवर ठेवून बसून होते.

हे मी तुमच्या नातीला दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत तर पोचायचंच नाही, म्हणून लिहिते. तो आवाज मला ओळखता आला नाही, बाबा. तुमचा असेल, नसेलही. तुम्ही हे कुठेतरी, कोणापाशी तरी बोलला असावात, एवढंच मला हवं होतं.