चहाच्या टपरीवरचे शत्रू

चि. धाकटीस, थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

विशेष हे की, तुला आठवत नसेल म्हणून आधीच सांगते, मी तुझी सख्खी बहीण आहे. एकाच आईची, एकाच पाळण्यातली. फक्त त्यात मी आधी निजले आणि तू नंतर येऊन तो मोडलास. गेल्या महिन्यात तू आम्हाला रंगाच्या डब्यांचं खोकं पाठवलंस. हेही तुला आठवत नसणार, कारण खोक्यावर आमचा पत्ता होता, आत तुझा चष्मा होता, आणि चिठ्ठी कुठेच नव्हती. चष्मा सोबत परत पाठवते आहे. (तो सापडेपर्यंत हे पत्र तुझ्या जावईबापूंकडून वाचून घे. जावईबापू, पाळणा मोडल्याचं वाक्य गाळू नका.)

तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढतेस की अजून खालूनच सगळ्यांना हाका मारतेस? माझी प्रकृती उत्तम आहे, निदान तपासणारा डॉक्टर तरी माझ्यापेक्षा जास्त खोकतो. पत्र सूनबाई लिहिते आहे. माझी अक्षरांशी ओळख कधी झाली नाही, आणि या वयात नव्या ओळखी वाढवायच्या नाहीत. मी बोलेन तसंच लिहायचं असं तिला बजावलं आहे. (तसंच लिहिते आहे, मावशी. फक्त शिव्या गाळल्या आहेत. — सून) आत्ता काय लिहिलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, “स्वल्पविराम.” बराच लांबलचक दिसतो हल्लीचा स्वल्पविराम.

तर हे पत्र आभाराचं आहे. पण आभार कशाबद्दल ते तुला कळायचं तर गोष्ट मुळापासून सांगावी लागेल, म्हणून पाठीला उशी घे.

आमचं घर छावणीच्या जिवावर चालतं हे तुला ठाऊक आहे (म्हणजे एके काळी होतं). चांदमारीवर, म्हणजे जवान नेमबाजी शिकतात त्या मैदानावर, समोर जे लाकडी शत्रू उभे करतात ते आमच्या कारखान्यात होतात. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, एक करवत, लेक आणि मी. लेक प्लायवूड कापतो, मी तोंडं रंगवते. शत्रू दोन प्रकारचे: एक अख्खा, उभा; आणि एक अर्धा, भिंतीआड लपलेला, छातीपासून वरचा. अगदी पहिल्या वेळी माप हवं होतं तेव्हा आमच्या ह्यांना फळीवर आडवं केलं आणि मी खडूने भोवती रेघ ओढली. तेव्हापासून प्रत्येक शत्रूचं पोट ह्यांचं आणि कानही ह्यांचेच. आमच्या छावणीने नेमबाजीची ढाल किती वेळा आणली! साहेब लोक त्याचं श्रेय शिस्तीला देतात. देऊ देत बापडे. एवढ्या रुंद माणसाला चुकवायचं तर गोळीला वळसा घालावा लागतो. आणि मी म्हणते, देव त्या सगळ्या जवानांना सुखात ठेवो, ज्यांनी इतकी वर्षं माझ्या नवऱ्यावर गोळ्या झाडून आमची चूल पेटती ठेवली.

मग वरून संरक्षणाचा खर्च कापला. किती वरून ते इथे कोणालाच माहीत नाही, पण कात्री खाली पोचेपर्यंत चांगली धारदार होती. आधी गोळ्या कमी झाल्या. जवान पोटावर निजायचे, नेम धरायचे, आणि हवालदार मागून ओरडायचा, “लागली!” किंवा “नाही लागली!” ज्याचं हवालदाराशी पटत नाही त्याची कधीच लागत नसे, त्यावरून भांडणं. आता गोळीच नाही तर भोक नाही, भोक नाही तर नवा शत्रू कशाला लागतो? मग अर्धी छावणी दुसरीकडे हलली. आमच्या रस्त्याने चालताना आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येऊ लागला. शिंप्याने जन्मभर गणवेश शिवले, त्याच्याकडे मी साधं पोलकं टाकलं तर खांद्यावर पट्ट्या लावून आणलं. घालते मी. शेजारीण हल्ली जरा दबून असते.

तयार झालेले शत्रू परत आले ते सगळे आमच्याच घरात. अख्खे पलंगामागे, अर्धे फडताळावर. स्वयंपाक करताना वर बघितलं की चार-पाच जण पातेल्यात डोकावताहेत, आणि सगळे ह्यांच्याच चेहऱ्याचे. नवरा एक असतानाच पुरे होतो ग.

लेक त्या दिवसांत रिकाम्या शेडमध्येच बसून असायचा. एका सकाळी बघते तर करवत तेल लावून गोणपाटात गुंडाळलेली. शहरात कुठल्याशा गोदामावर राखणदाराची जागा होती. महिनाअखेरपर्यंत काम मिळालं नाही तर शेड बंद करून तो आणि सूनबाई जाणार, आणि आम्ही दोघं इथे त्या लाकडी मंडळींबरोबर राहणार. मी तोंडाने म्हटलं, “जा बाबा, पोटाचं बघायलाच हवं.” आणि आत जाऊन एका शत्रूच्या नाकावर एक चापट मारली. त्याचं काही बिघडलं नाही, माझं बोट मात्र सुजलं.

तेव्हा समोरचा चहावाला आला. त्याचीही टपरी ओस. पूर्वी बाकांवर जवानांची गर्दी दिसली की जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर थांबायचा. रिकामी बाकं बघून आता तो ब्रेकवर पायसुद्धा ठेवत नाही. चहावाला म्हणाला, “आजी, तुमचे अर्धे शत्रू द्या ना उसने. टेबलाआड टेकवले की बसल्यासारखे दिसतील.” दिले. छावणीकडून रंग एकच येतो, गडद हिरवा, त्यामुळे लांबून बघावं तर झकास गणवेशातले जवान चहा पीत बसलेत. प्रत्येकापुढे रिकामा पेलाही ठेवला. पहिल्याच दिवशी बस थांबली! लोक उतरले, हसले, चहा प्यायले. आमचे हेही जाऊन त्या रांगेत बसले, तर गर्दी संपेपर्यंत चहावाल्याने ह्यांना लाकडी समजून चहाच दिला नाही. हे पण असे, की मागितला नाही.

आता ऐक. आपल्या गावाची हालत बघायला वरून समिती येणार होती. छावणी आणखी कमी केली तर गावाचं काय होईल, हे ती ठरवणार. गावाने किती तयारी केली म्हणून सांगू! शिंप्याने दुकानाची फळी मुद्दाम तिरकी केली, पुरुषांनी दाढ्या वाढवल्या, मी खांद्यावरच्या पट्ट्या उसवल्या. सगळ्यांनी दीन दिसायचं ठरलं होतं. फक्त चहावाल्याला शत्रू उचलायचे कोणी सांगितलं नाही.

मोटार कोपऱ्यावर वळली आणि समितीचे मुख्य साहेब बघतात तो काय, भर कामाच्या वेळी हिरव्या कपड्यांतले जवान बाकांवर चहा ढोसताहेत. मोटार थांबवली. खाली उतरून गरजले, “उभे राहा!” कोणी हललं नाही. “ऐकू येत नाही?” कुणाला येणार? मधोमध आमचे हे बसले होते, ते तेवढे घाबरून उभे राहिले, तर साहेब ह्यांनाच म्हणाले, “शाबास! निदान एक तरी शिस्तीचा आहे. वय काय तुमचं?” हे खरं वय सांगून बसले. साहेबांना भोवळच यायची. समितीत एक बाईसाहेब होत्या, त्या पुढे झाल्या आणि एकाच्या टाळक्यावर बोटाने टकटक केलं. मग हसायला ज्या लागल्या, त्यांना चहावाल्याने पाणी दिलं, तरी थांबेनात. साहेब मात्र हसले नाहीत. दीनवाणं दिसायची आमची सगळी मेहनत वाया गेली, आणि कात्री चालायची ती चाललीच. उरलेल्यातली निम्मी छावणीही गेली. लेकाने त्या संध्याकाळी गोणपाटावर आणखी एक दोरी बांधली.

पण त्या बाईसाहेबांचं भलं होवो. परत जाताना मोठ्या रस्त्यावरच्या खानावळीत त्या जेवल्या आणि तिथल्या मालकाला हा प्रकार सांगितला. दुसऱ्या दिवशी मालक हजर! त्याची खानावळही ओसच. फडताळावर उरलेले चेहरे बघून म्हणाला, “माणसं चांगली आहेत, पण ही जेवायला बसलीत की मारायला? आणि हिरवी नकोत. रंगीत करा, हसरी करा, माझ्या बाकांवर भरपूर बसवीन.” आता आमच्याकडे रंग हिरवा आणि काळा, बस्स. दुसरा आणायची ऐपत असती तर लेकाने करवत कशाला बांधली असती? मालक म्हणाला, “बघा बुवा, महिनाअखेरपर्यंत थांबतो.”

आणि मग तुझं खोकं आलं. गुलाबी, पिवळा, आभाळी, केशरी! डब्यांची झाकणं तू नीट लावायला विसरली होतीस, त्यामुळे पोस्टमनही थोडा केशरी झाला होता. लेकाने डबे बघितले, बराच वेळ बघितले, आणि करवतीच्या दोऱ्या सोडायला बसला. धाकटे, त्या आवाजाचं मी काय वर्णन करू. तू आणि जावईबापूंनी तुमच्या रंगाच्या दुकानातलं जुनं पडलेलं म्हणून पाठवलं असेल, पण आमच्या घरात ते अगदी ताजं पोचलं.

हसू मात्र जमेना. जन्मभर रागीट तोंडं काढली, हात आपोआप भुवया जवळ आणतो. पहिले चार जण हसू काढल्यावर आणखीच भयंकर दिसायला लागले, एक तर थेट चावेल असा. मग डोळे मिटले आणि तुला आठवलं. लहानपणी आईची बरणी फोडून माझ्यामागे लपायचीस आणि तिथून हसायचीस, तसं काढलं. आता खानावळीतले सगळे पुरुष मिश्यांसकट तुझ्यासारखे हसतात. लोक गाड्या थांबवतात म्हणे.

असो. लेक अजून इथे आहे, शेड उघडी आहे, तुझ्यामुळे. लिहायला सांगितलं ते एवढंच. लोभ आहे तेवढा पुरे, आणखी वाढवलास तर या वयात मला झेपायचा नाही.

तुझी,
थोरली

ता. क. एक अडचण राहिली. मालकाला आता बायका हव्यात. बायका बसलेल्या दिसल्या की घरची मंडळी घेऊन येणारे लोक निर्धास्त उतरतात, असं त्याचं म्हणणं. शत्रूत बाई आम्ही कधी केली नाही. माझी रेघ ओढली तर कुदळ टेकवून ठेवल्यासारखी दिसेल. सूनबाई फळीवर निजायला तयार नाही, म्हणते, या फळीवर जो निजला त्याला आजवर गोळ्याच लागल्या. तेव्हा तूच ये. तुझा बांधा खानावळीला साजेसा आहे. बाई मिळाली नाही तर काम जाईल, लेक शहरात जाईल, आणि पाप तुझ्या डोक्यावर बसेल. पुढच्या बसने नीघ.

ता. क. (सुनेकडून) मावशी, नमस्कार. आई औषध घ्यायला आत गेल्या आहेत तेवढ्यात लिहिते. बाई झाली आहे. मीच फळीवर निजले, आईंनीच खडू फिरवला, रंगही वाळला, माल उद्या जातो आहे. तुमचा भाचा आणि मी कुठेही जात नाही. तुम्हाला नुसतं “ये ग” म्हणायचं त्यांच्या जिभेवर येत नाही, म्हणून हा खटाटोप. आल्यावर हे माहीत आहे असं दाखवू नका, मुकाट्याने फळीवर निजा. मी खाली गादी घालते.

ता. क. औषध घेऊन आले तरी ही लिहितेच आहे. काय ग एवढं? म्हणते, माझं शेवटचं वाक्य नीट करत होती. बरं. तर धाकटे, येताना अंजीर आण. ओले नकोत, पिशवीत फुटतात. सुके आण, मऊ बघून, आणि ह्यांची पुडी वेगळी बांध, नाहीतर माझ्या वाट्याला नुसता कागद येतो.