तळाशी चिकटवलेल्या आठ ओळी

प्रिय बुटके,

जबड्याचं दुसरं ऑपरेशन नीट पार पडलं आणि तू आता घट्ट अन्न चावून खातेस, हे तुझ्या वर्कशॉपच्या मालकीणबाईंनी कळवलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून ढसाढसा रडले आणि मग रागाच्या भरात हातातलं भांडं भिंतीवर फेकलं. भिंतीचा पोपडा पडलाय. माझा स्वभाव तुला माहीत आहे, आनंदसुद्धा मला धड करता येत नाही. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मध्येच जाऊ दे गं ताई म्हणशील आणि मी खरंच जाऊ देईन. आठ महिने तेच केलंय.

त्या दुपारचं तू मला एकदाच सांगितलंस, तेही तोंड न उघडता, कागदावर लिहून. वर्कशॉपमधल्या सगळ्या जेवायला गेल्या होत्या, तू मशीनवर वाकली होतीस आणि दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला. तुझ्या त्या नवऱ्याने भिंतीला टेकवलेली पडद्याची सळई उचलली. पहिला फटका कानावर, दुसरा जबड्यावर. तू हात आडवा घातलास तर दोन बोटं मोडली. खाली पडल्यावर तो तुझ्या पाठीवर गुडघा देऊन बसला आणि नव्या कापडाने तुझा गळा आवळायला लागला. मालकीणबाई मागच्या दाराने आल्या नसत्या तर आज हे पत्र कुणाला लिहिलं असतं? त्यांनी तापलेली इस्त्री त्याच्या मानेवर दाबून धरली. त्या बाईंच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं. आणि खरं सांगू, ती इस्त्री माझ्या हातात असायला हवी होती असंही वाटतं. मी ती त्याच्या मानेवरून इतक्या लवकर उचलली नसती.

लग्नानंतर सहाव्या महिन्यात त्याने दाराच्या फटीत तुझा हात धरून दार लोटलं होतं. तू आम्हाला सांगितलंस, कपाटात चेंगरला. मी हसले होते, म्हणाले होते, धांदरट ती धांदरटच. ते हसणं अजून घशात अडकलंय. तिथून तुला काढायला चार वर्षं लागली. शेवटी माझ्या गाडीत मागच्या सीटखाली झोपून तू निघालीस तेव्हा तुझ्या अंगावर त्याच्या पट्ट्याचे वळ इतके ताजे होते की सीटच्या कापडाला रक्त लागलं. नवं गाव, नवं नाव, पडदे शिवायचं काम. त्या गावाचं नाव तिघांनाच ठाऊक होतं: तुला, मला आणि अण्णांना.

म्हणूनच तू अण्णांवर शंका घेतलीस. त्यात तुझं काय चुकलं? हल्ल्याच्या महिनाभर आधी तो आपल्या घरी आला होता, गोडगोड बोलला होता, आणि जावई म्हणून भाबड्या अण्णांनी त्याला बसवून पाणी दिलं होतं. हॉस्पिटलमध्ये तू त्यांच्याकडे पाठ फिरवलीस. परतीच्या वाटेवर ते गाडीत सारखे विचारत होते, मी काय बोललो गं त्याला? त्यांना काहीच आठवत नव्हतं, म्हणून त्यांनी कबूल करून टाकलं. आपणच बोललो असणार म्हणाले. त्या दिवसापासून ते स्वतःला मारून घेतात, बुटके. खरोखर. आंघोळीला गेले की कपाळ भिंतीवर आपटण्याचा आवाज येतो. मी दार ठोठावते, ते म्हणतात, साबण पडला.

आता माझं काम कसं चालतं ते ऐक. मालकीणबाईंची वेबसाइट मी आधीच करून दिली होती: पडद्यांचे फोटो, मापं, पत्ता नाही, फक्त फोन. गिऱ्हाइकांना तिथल्या तिथे प्रश्न विचारता यावेत म्हणून त्यांना गप्पांची चौकट हवी होती. अशा चौकटी तयार मिळतात. कुणीतरी लिहिलेला कोड, आठ ओळी, उचलायच्या आणि आपल्या साइटच्या तळाशी चिकटवायच्या. तो तळ सगळ्या पानांना सामाईक असतो, त्यामुळे एकदा चिकटवलं की प्रत्येक पानावर चौकट उघडते. मी असल्या चौकटी शेकड्याने चिकटवल्यात. त्या दिवशी चौकटीचा रंग पडद्यांच्या फोटोंशी जुळवायला मी दीड तास घालवला, आणि आतल्या सोयी कोणत्या चालू आहेत ते पाहायला दोन मिनिटंही नाही. उत्तरं देण्याचं काम तुझ्याकडे होतं. तुझ्या मोबाइलवर काहीतरी परवानगी मागतंय म्हणून तू मला फोन केलास. मी दुसऱ्याच कामात होते. वसकन म्हणाले, जे विचारेल त्याला हो म्हण.

ती परवानगी तू कुठे आहेस ते दाखवण्याची होती. तुझ्या खोट्या नावाखाली, बारीक अक्षरात, गाव आणि रस्ता दिसत होता. प्रत्येक पानावर.

आणि तिथपर्यंत तो कसा पोचला? माझ्याच मिजाशीमुळे. मी केलेल्या प्रत्येक साइटच्या तळाशी माझं नाव असतं, त्यावर बोट ठेवलं की माझ्या सगळ्या साइट्सची यादी उघडते. शिवणकाम तुझ्या हातात आहे हे त्याला माहीत होतं. एकतीस नावांत शिवणकामाचं एकच होतं. हल्ल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी साइटवरचा, पडदा धरलेल्या तुझ्या हाताचा फोटो पुसायला बसले आणि चौकटीतलं जुनं बोलणं उघडलं. अकरा दिवस एक बाई तुझ्याशी खिडक्यांच्या मापांबद्दल बोलत होती. तू प्रत्येक वाक्यामागे तुझं ते बरं का लावत होतीस. दहाव्या दिवशी तिने विचारलं, दुपारी यावं तर कुणी भेटेल का? तू लिहिलंस, एक ते दोन मी एकटीच असते, या, बरं का. तू नेहमीच्या अदबीने गिऱ्हाइकाला उत्तर दिलंस, त्याचा दोष स्वतःकडे घेतलास तर याद राख. ती बाई तो होता. मी ते सगळं बोलणं उतरवून ठेवलं, त्या आठ ओळी पुसल्या आणि शेजारच्या खोलीत अण्णा मी काय बोललो असं पुटपुटत असताना गप्प बसले. भित्री आहे मी. त्याने तुला सळईने मारलं, मी अण्णांना गप्प राहून मारत होते.

आता तो कोर्टात सांगतोय की कामानिमित्त गावात आलो होतो, अचानक खिडकीतून ती दिसली, डोकं फिरलं, हाताला लागलं ते उचललं. आपल्या वकीलबाई म्हणाल्या, हे खोडता आलं नाही तर दोन वर्षांत बाहेर येईल. म्हणून काल मी ते अकरा दिवस त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले. गुरुवारी मी साक्षीला उभी राहीन आणि ते मोठ्याने वाचलं जाईल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहायला बसले होते. पण काल घरी येऊन मी आधी अण्णांना सांगितलं. पायाशी बसून, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस गं. आज सकाळी पुन्हा भिंतीचा आवाज आला. बुटके, मला हवी ती शिक्षा दे, जन्मात बोलू नकोस, पण त्यांना फोन लाव. माझं ते मानत नाहीत. हल्ली ते चहा घेतलेला विसरतात, माझं नाव विसरतात, एवढं एकच विसरत नाहीत.

तुझीच,
ताई