डावं शिंग

९ मार्च
सरांनी चित्र परत पाठवलं. "शिंगं गोड दिसतायत. हे छळलेले लोक आहेत, गोठ्यातल्या गायी नाहीत."
बरं.
मी ज्या गेमची चित्रं काढते त्यातलं राज्य जपानसारखं. देवदार, लाकडी पूल, कागदी कंदील, बारा महिने बर्फ. बर्फ मी फक्त रसवंतीत पाहिलाय. डोंगरात शिंगवाली माणसं, त्यांचं नाव त्सुनो. वेशीच्या आत यायचं तर गवती टोपीखाली शिंगं झाकून यायचं. गावच्या विहिरीला हात लावायचा नाही. हे नियम सरांनी कॉलेज रोडच्या कॅफेत बसून लिहिलेत. विहिरीचा नियम वाचून प्रज्ञा हसली. एका खोलीत राहून आता कळतं, ती अशी हसली की पुढे काहीतरी ऐकावं लागतं. आज नुसतीच हसली, भांडी घासायला गेली.

१२ मार्च
त्सुनोंचं गाव काढलं. उतारावर भाताची खाचरं, कडेला राब भाजतायत त्याचा धूर. पेरणीआधी जमीन भाजायची, आमच्याकडे पेठला सगळेच भाजतात. हात आपोआप तिकडेच वळला.
सर खूश. "जाळपोळ काय सुंदर दाखवलीयेस! सैनिकांनी गाव पेटवलंय, एकदम कळतंय."
मी म्हणायला हवं होतं की सर, ते शेत आहे. म्हटलं नाही. चित्र पास झालं. आता त्या धुरात सैनिक घालायचेत.
राब बघून जाळपोळ वाटते? की मीच चुकीचा धूर काढला?

१३ मार्च
बाबांचा फोन. बोहाड्याचा, गावच्या मुखवट्यांच्या जत्रेचा, दिवस ठरला, एप्रिलात. म्हैषासुराचं सोंग आमच्या घराचं. आजोबा, मग बाबा, आता सुनीलने घ्यायचं. बाबांचा गुडघा गेलाय, डॉक्टर नाचू नका म्हणालाय. पण सुनील नाही म्हणतो. दिंडोरीकडे द्राक्षाच्या शेडवर असतो, त्याला फोन लावला.
"मी नाय घालणार. मागच्या सालचा व्हिडिओ बघितला का? खाली काय काय लिव्हलंय लोकांनी. जंगली. राक्षस. माझ्या शेडवरच्या पोरांनी मला दाखवला."
"अरे, लोक लिहितातच."
"तू गेल्तीस का बघायला? नाय ना. मग बोलू नको."
नव्हते गेले. सुट्टी मिळाली नव्हती. भावाने इतकं तुटक बोलायचं काय कारण, कळलं नाही.

१५ मार्च
त्सुनोंचा म्होरक्या काढायचा होता. काही सुचेना. शेवटी बाबांचा मुखवटाच काढला, आठवून. काळा चेहरा, लाल ओठ, म्हशीची वळलेली शिंगं. डावं अर्धं तुटलंय, मागच्या वर्षी पडताना तुटलं असं मला वाटतं. तेही तसंच काढलं.
सर फोनवर ओरडलेच. "हे तुटलेलं शिंग! हेच पाहिजे होतं!"
खूप बरं वाटलं. स्वतःचाच राग आला आणि बरंही वाटत राहिलं.

१७ मार्च
मीटिंग. ठरलं की राजाचे सैनिक प्रत्येक त्सुनो मुलाचं डावं शिंग मोडतात. ओळखू यावेत म्हणून. सगळ्यांची शिंगं मोडून नव्याने काढायची, बायकांची, पोरांची, सगळ्यांची.
दिवसभर पोरांची शिंगं मोडली. दुपारी जेवले नाही. सर चहा घेऊन आले, म्हणाले, "मनावर घेऊ नकोस, पिक्सेल आहेत." माणूस वाईट नाही. तेच तर अवघड आहे.

२० मार्च
प्रज्ञाला बोहाड्याचं सगळं सांगितलं. शेवटच्या रात्री देवी म्हैषासुराला मारते, तो पडतो. मग देवीचं सोंग घेतलेला माणूस स्वतः वाकून त्याला हात देतो, उठवतो. मग दोघं मिळून घरोघरी जातात, बायका दोघांनाही ओवाळतात. हात दिल्याशिवाय सोंग पुरं होत नाही.
मला वाटलं तिला आवडेल.
प्र. : "आधी मारायचं, मग हात द्यायचा. आणि दरवर्षी तुमच्याच घरच्याने मरायचं. कौतुक कुणाचं झालं मग? हात देणाऱ्याचं."
"तसं नाहीये गं ते."
"मग कसंय?"
तिच्या घरी असल्या सगळ्या गोष्टी आजोबांनीच बंद केल्या, घरात बुद्धाचा फोटो आणि पुस्तकं. तिला तिचं काय ते पक्कं माहीत असतं. मला लहानपणी खांद्यावर बसवलेला म्हैषासुर आठवतो, त्याला बाबांच्या विडीचा वास यायचा. हे काय उत्तर आहे?

२३ मार्च, रविवार
गावी. मुखवटा माळ्यावर भिंतीकडे तोंड करून असतो, तसाच होता. बाबांनी खाली काढला. शिंगाचा तुकडाही फडक्यात बांधून ठेवलेला.
"तू चितारीण ना? हे बसव बरं."
म्हटलं, पडताना फार जोरात आपटलात वाटतं.
"पडताना नाय मोडलं. उठताना मोडलं."
मला कळेना. मग हळूहळू सांगितलं. काशिनाथकाका, बाबांचे दोस्त, जन्मभर देवीचं सोंग त्यांनी घेतलं. पावसाळ्यात गेले ते. मागच्या बोहाड्यालाही आजारीच होते, म्हणून देवी दीपक झाला, त्यांचा मुलगा. तो नाशकात रिक्षा चालवतो. त्याने मारलं चांगलं. मग सगळ्यांनी मोबाईल वर केले, आणि दीपक तलवार उंच धरून त्यांच्याकडे वळला. कुणी इकडून ये म्हणे, कुणी तिकडून. बाबा पडलेले. संबळ वाजतोय. हात आला नाही.
"मग?" मी विचारलं.
"मंग काय. किती येळ पडायचं? शिंग टेकवलं न उठलो. भार नाय सोसला त्याला."
आणि हसले. मला हसता आलं नाही. सुनील तिथे उभा होता मागच्या वर्षी. आता कळलं तो का तसं बोलला.

२४ मार्च
मुखवटा खोलीवर आणलाय. बसमध्ये मांडीवर होता, कंडक्टरने पाया पडून मग तिकीट फाडलं. प्र.ने पलंगाखालची जागा रिकामी करून दिली. म्हणाली, "मला पटत नाही, पण त्याला जमिनीवर नको ठेवूस." जुनी चादर घातली खाली तिनेच.

२८ मार्च
कागद भिजवून लगदा केला, चिंचोक्याची खळ घातली. शिंग बसलं. पण जोड दिसतो. रंग लावला की दिसणार नाही.
लावू का?
बाबा म्हणाले होते बसव, लपव म्हणाले नव्हते.

२ एप्रिल
गेमचा शेवट आला. नायिका म्होरक्याला मारते, बर्फावर रक्त, संपलं. मी हिंमत करून सरांना सांगितलं, तिने त्याला हात द्यावा. आमच्या बोहाड्यात उठवतात तसा उठवावा. आणि शिंग सैनिकांनी मोडलेलं नको, कुणी हात दिला नाही म्हणून एकट्याने उठताना मोडलेलं असावं.
सरांनी लॅपटॉप मिटला. खरंच विचार करत होते. मग म्हणाले, "भारी आहे गं. पण खेळणाऱ्याला कळणार नाही. तलवार कळते."
"समजावता येईल."
"आणि मेलेला उठला तर ती जिंकली कशी?"
देवी जिंकतेच की आमच्याकडे. तरी उठवते. घरी येऊन प्र.ला विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या सरांचं आणि माझं पहिल्यांदाच पटतंय, मला जपून राहायला हवं."
शेवटचं चित्र द्यायला मुदत मागून घेतली. बोहाडा होऊन जाऊ दे म्हटलं.

६ एप्रिल
पंचवटी कारंज्याजवळ दीपक भेटला, रिक्षात बसून वडापाव खात होता. मी सरळ विचारलं, बाबांना हात का नाही दिलास? त्याने उरलेला वडापाव कागदात गुंडाळून ठेवला.
"ताई, मला ते माहीतच नव्हतं गं. म्हातारा कधी बोललाच नाय मला. मला वाटलं मारलं की झालं. इकडं नाशकात बी तेवढंच असतंय, मारलं की ढोल."
खरं बोलत होता असं वाटलं. मग लगेच मोबाईल काढून मला दाखवला, तोच व्हिडिओ. "पन बघ ना, किती लोकांनी बघितलाय!"
चिडावं की नाही, ठरवता आलं नाही. रिक्षाचे पैसे घेतले नाहीत त्याने.

११ एप्रिल
गावी आले, मुखवटा घेऊन. जोडावर रंग लावला नाही. बाबांनी अंगठा फिरवून पाहिला.
सोंग बाबाच घेणार. ऐकत नाहीत. म्हटलं, मी घालू का? "जड असतंय गं ते," एवढंच. नाही म्हणाले का? बाई घालत नाही हे मलाही माहीत आहे. तसं म्हणाले असते तर भांडता आलं असतं.
संध्याकाळी सुनील आला. घालणार नाही म्हणतोच, पण मुखवट्याची मागची दोरी तोच बांधणार म्हणे, दुसऱ्याच्या हाताची गाठ सुटते.

१२ एप्रिल, दुपार
आज आहे. दीपक येऊन गेला, ओठांना लाली लावून बघत होता आरशात. बाबा त्याला म्हणाले, "मार जोरात. पन मंग माझ्याकडं बघ. त्या मोबाईलवाल्यांकडं नको."
दीपकने मान हलवली. हो म्हणून हलवली की ऐकलं म्हणून, कळलं नाही. जाताना मुखवट्याबरोबर फोटो काढला.
सरांचे तीन मेसेज. उघडले नाहीत.
बाबांचा गुडघा सुजलाय. या वर्षी पडले तर एकट्याने उठणं नाही जमायचं, ते मला दिसतंय, सुनीलला दिसतंय, बाबांनाही माहीत आहे. सुनीलला जाता येणार नाही, दोरी बांधणाऱ्याने रिंगणाबाहेरच थांबायचं असतं. राहिले मी. बाईने त्या रिंगणात पाय ठेवायचा नसतो. आणि मी हात दिला तर सोंग पुरं होईल की मोडेल? देवीने द्यायचा असतो.
शेवटी बाबांनाच विचारलं. दीपकने नाही दिला हात, तर मी येऊ का?
बाबा गुडघ्याला तेल चोळत होते. म्हणाले, "त्या टायमाला मी मेलेला असतो. मला काय इचारतीस?"
बाहेर संबळवाले आले. सगळ्यांत पुढे बसायचं ठरवलंय, जिथे बाबा पडतात तिथे. चपला घरीच ठेवून चाललेय, रिंगणात अनवाणीच उतरायचं असतं.